बी उभ्या पिकातून निवडायचे असते

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांच्या कार्यकर्ता बैठकीत झालेले भाषण. शब्दांकन करताना बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजच्या बैठकीत तीन विषय ठरले होते. ज्वारीचा भाव, कापसाची खरेदी आणि पीकविमा. चौथा विषय मी मागून घेतला, शाळेच्या समितीचा. तो पुकारल्याबरोबर मागच्या रांगेतून आवाज आला, "शाळेचं मास्तर बघतील, तुम्ही भावाचं बोला."

मी भावाचेच बोलणार आहे. हिशेब मांडू. माझ्या भावाने त्याच्या मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातले आहे. फी, गाडीभाडे, बूट, टाय मिळून वर्षाला वीस हजार रुपये जातात. २०२५-२६ साली मालदांडी ज्वारीचा सरकारने जाहीर केलेला हमीभाव होता क्विंटलला ३,७४९ रुपये. तो प्रत्येकाला मिळाला असे समजू. इथे कोणी हसले, ते बरोबरच हसले. तरी समजू. वीस हजार म्हणजे सव्वापाच क्विंटलांच्या वर ज्वारी झाली. आपल्या कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल उतरले तर आपण वर्ष बरे गेले म्हणतो. म्हणजे एका पोराच्या शाळेला एक एकर शाळू अख्खाच्या अख्खा गेला. त्यातून पेरणी, खुरपणी, काढणी वजा केलेली नाही.

वस्तीवर चारशे पावलांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे. फी नाही, गाडी लागत नाही. भावाला विचारले, तिथे का घातले नाहीस? तो म्हणाला, "तिथं आता काय राहिलंय?" भाव वाढवून मिळावा म्हणून आपण रस्त्यावर बसतो. मिळालेला भाव, आपलीच शाळा मोडू दिल्यामुळे, पिवळ्या गाडीच्या भाड्यात देऊन टाकतो. म्हणून हा विषय भावाचाच आहे.

कोणती निवडणूक?

ही निवडणूक इतकी गुपचूप होते, की पुष्कळांना ती होते हेच ठाऊक नसते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळेला व्यवस्थापन समिती पाहिजे आणि तिच्यात पाऊण सभासद त्या शाळेतल्या मुलांचे पालक पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजेत. महाराष्ट्राच्या नियमांत बारा ते सोळा जणांची समिती सांगितली आहे. बाराची असेल तर नऊ पालक. हे पालक निवडायचे पालकसभेने. अध्यक्ष पालकांतूनच व्हायचा. मुख्याध्यापक सचिव. दर दोन वर्षांनी नवी निवड आणि महिन्याला एक बैठक.

कायदा वाचला तर वाटते, राज्य आपलेच आहे. प्रत्यक्षात काय होते? झेंडावंदनाला माणसे जमतात, पेढा वाटून होतो. मास्तर म्हणतात, "समितीची नावं द्यायची आहेत, सुचवा." एक जण सरपंचाच्या पुतण्याचे नाव घेतो, दुसरा सोसायटीच्या चेअरमनच्या भावाचे. बायांच्या जागांसाठी नावे पुरुषच सांगतात आणि त्या बाया तेव्हा रानात खुरपत असतात. पाच मिनिटांत समिती बिनविरोध. टाळ्या.

बिनविरोधला माझी हरकत नाही. चार वस्त्यांनी आधी बसून, बोलून, भांडून एक नाव ठरवले आणि मग सभेत विरोध झाला नाही, तर त्याच्यासारखे चांगले काही नाही. पण कोणी विचारच केला नाही म्हणून विरोध झाला नाही, त्याला बिनविरोध म्हणत नाहीत, बेवारस म्हणतात.

हक्क आजचा नाही

हा हक्क दिल्लीने २००९ साली आपल्यावर उपकार म्हणून दिला, असे कोणी समजू नये. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, इथल्या माणसांना ते सांगायला नको. १८८२ साली त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्यातला मुद्दा आजही ताजा आहे: सरकारच्या तिजोरीत जो पैसा येतो तो बहुतेक रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या. त्यांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा म्हणून मागणी केली. आणि मास्तर होता होईल तो शेतकरी वर्गातले घ्या, म्हणजे ते लोकांत मिसळतील, असेही सांगितले. पैसा आमचा, तर शाळा कशी चालते हे आम्ही पाहणार. मुळातली गोष्ट एवढीच आहे.

पुढे १९२३ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आल्या आणि स्कूल बोर्डे झाली. मत तेव्हा सगळ्यांना नव्हते, सारा भरणाऱ्या थोड्यांना होते. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे नव्याने बांधली गेली. आजच्या सांगली जिल्ह्यातले काही तालुके १९४९ पर्यंत साताऱ्याचाच भाग होते, मग दक्षिण सातारा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा त्यांच्या शिक्षण समितीकडे गेल्या. म्हणजे शंभर वर्षे शाळेचा कारभार निवडून दिलेल्या माणसांच्या हाती आहे. फक्त तो माणूस आपल्यापासून लांब बसत होता. २००९ च्या कायद्याने तो पहिल्यांदा शाळेच्या ओट्यावर आणून बसवला. आता तो चांगला निघाला नाही तर आपल्याला साताऱ्याला किंवा सांगलीला बोट दाखवता येणार नाही.

आणि याच मातीत भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. लोकांनी धान्य दिले, जागा दिल्या, बोर्डिंगे चालवली. तेव्हा कायदा हातात नव्हता, तरी शाळा उभ्या केल्या. आता कायदा हातात आहे आणि आपण सहीसुद्धा न वाचता करतो.

समितीच्या हातात काय आहे

"समितीला विचारतो कोण?" असे म्हणणाऱ्यांसाठी दुसरा हिशेब. चाळीस मुलांची, पहिली ते पाचवीची शाळा धरा.

दुपारच्या जेवणाला पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ. चाळीस मुले म्हणजे रोज चार किलो. कायद्याने पाचवीपर्यंतच्या शाळेला वर्षात किमान दोनशे दिवस काम पाहिजे. दोनशे चोक आठशे किलो, आठ क्विंटल धान्य. बाजार समितीत आपल्या आठ क्विंटलांवर काटा मारला तर आपण लिलाव बंद पाडतो. पोराच्या ताटात काटा मारला जातो की नाही, हे आपण कधी पाहिले?

समग्र शिक्षाच्या निकषाने तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला पंचवीस हजारांपर्यंत संयुक्त अनुदान ठरवले आहे. पट तीस किंवा त्याच्या आत आला की दहा हजार. गणवेशाचे मुलामागे दोन जोड, जोडाला तीनशे रुपये. चाळीस मुलांचे चोवीस हजार. हा सगळा खर्च नीट झाला की नाही हे पाहणे कायद्याने समितीचे काम आहे.

गणवेशाची गोष्ट मुद्दाम सांगतो. २०२४-२५ साली सरकारने ठरवले, सगळ्या राज्याला एकच कापड, एकाच ठिकाणाहून, शिलाई बचत गटांकडून. शाळेच्या समितीच्या हातातून ते काम काढले. काय झाले ते घरोघरी पाहिले. शाळा सुरू होऊन महिने गेले तरी गणवेश नाहीत, आले ते मापात नाहीत. कोणाची बाही लोंबते, कोणाची चड्डी चढत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. मुंबईत बसून पोराचे माप घेता येत नाही, हे सरकारला वर्षभरात कळले. पण समितीनेही माप न घेता कोऱ्या कागदावर सही केली, तर मुंबई बरी की वस्ती बरी?

आणखी एक कागद समितीच्या हातात आहे, शाळेचा विकास आराखडा. कलम २२. सरकारने अनुदान द्यायचे ते या आराखड्याच्या आधारे. खोली गळते, कुंपण नाही, दुसरा शिक्षक नाही, हे त्यात लिहायचे असते. साठपर्यंत मुले असली तर दोन शिक्षक पाहिजेत, हे कायद्याच्या परिशिष्टात आहे. पण आराखड्यात ते कोणी लिहिलेच नाही, तर वरचा साहेब म्हणणार, मागणी नव्हती.

माझी सही

दुसऱ्यांना नावे ठेवली, आता स्वतःचे सांगतो. मी अशा समितीचा अध्यक्ष होतो. माझा धाकटा तिसरीत होता. सभेत कोणी तरी म्हणाले, "भाऊ बोलणारे आहेत, मोर्चात असतात, त्यांनाच करा." मलाही बरे वाटले. दोन वर्षे अध्यक्ष होतो. नियमाने चोवीस बैठका व्हायच्या. मी चारला हजर होतो. बाकी वीस बैठकांच्या सह्या मी एसटी स्टँडवर केल्या. मास्तर वही घेऊन यायचे, मी चहा सांगायचो, सही करायचो. मी कुठे चाललेला असायचो? शेतकऱ्याच्या न्यायासाठी मोर्चाला.

त्याच दोन वर्षांत शाळेतला एक शिक्षक बदलून गेला आणि जागा रिकामी राहिली. एक मास्तर आणि पाच वर्ग. पालकांनी एकेक करून मुले काढली. चाळिसाचा पट चौदावर आला. मास्तरांचा दोष नव्हता. त्यांनी जागा भरण्यासाठी पत्र लिहिले होते आणि त्यावर अध्यक्षाची सही पाहिजे म्हणून माझ्याकडे आणलेही होते. मी सही केली. पण ते पत्र घेऊन पंचायत समितीत कोणी गेले नाही. जायचे मी होते. आपण काय सही केली हेही मला नंतर दुसऱ्याने सांगितले.

चौदा पटाच्या शाळेचे काय होते, ठाऊक आहे ना? २०१७ च्या शेवटी दहाच्या आत पट असलेल्या तेराशेवर शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठवायचे सरकारने काढले. २०२३ साली समूह शाळा म्हणून योजना आली: वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करायच्या, मुलांना गाडीने न्यायचे. लोकांनी विरोध केला, शिक्षकांनी केला. पण पट वीसच्या खाली जाऊ देतो कोण, हे कोणी विचारले नाही. कायद्याचा नियम सांगतो, प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे. वस्तीची शाळा मिटली की पहिली घरी बसते ती मुलगी. ओढा ओलांडून दुसऱ्या गावाला तिला कोणी पाठवत नाही.

माझ्या नंतर त्या समितीवर वस्तीवरची एक बाई आली. नाव सांगत नाही, तिला आवडायचे नाही. दोन मुले त्या शाळेत, स्वतः अंगठा करणारी. ती शनिवारी शाळेत जायची आणि कापूस मोजायचा ताणकाटा घरून न्यायची. तांदळाचे पोते आधी लटकवायची, मग उतरवून घ्यायची. पहिल्याच खेपेला पन्नासच्या पोत्यात चार किलो कमी. तिने भांडण केले नाही. "वहीत सेहेचाळीस लिहा," एवढेच म्हणाली. वहीत सेहेचाळीस लागल्यावर पुढच्या खेपेपासून पोते पन्नासचे यायला लागले.

पोरांना वाचता येते का, हेही तिने पाहिले. स्वतःला वाचता येत नाही, मग कसे? बाजार समितीची पावती घेऊन जायची. एकाला वाचायला लावायची. मग दुसऱ्याला बाहेरून बोलावून तीच पावती द्यायची. दोघांचे जुळले की पोरांना येतेय. नाही जुळले की मास्तरांना म्हणायची, "गुरुजी, ह्यातला एक चुकतोय, कोणता ते तुम्ही बघा." आणि शिक्षकाच्या जागेसाठी चार बाया घेऊन ती पंचायत समितीत तीनदा गेली. चौथ्यांदा जावे लागले नाही. त्या शाळेचा पट आता तेवीस आहे. मी मोर्चातला माणूस, माझ्या काळात पट उतरला. तिला भाषण येत नाही, तिच्या काळात चढला.

बी कसे निवडतो

भावांनो, आपण शाळूचे बी कसे धरायचो? खळ्यावर रास पडल्यावर कोणी बी निवडत नाही. राशीत सगळे दाणे सारखे दिसतात. पीक उभे असताना रानात फिरायचे. ताट मजबूत आहे का, कीड आहे का, कणीस भरले आहे का, वाऱ्याने लोळले नाही ना, हे पाहायचे. त्याला खूण करायची आणि ती कणसे वेगळी काढायची. आज बैठकीला मराठवाड्यातले कापूसवाले भाऊ आले आहेत. त्यांना विचारा. कापसाचे बी आता बंद पुडीत येते. रंगीत चित्र पाहायचे आणि घ्यायचे. उगवले नाही की दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी पावसाकडे.

उमेदवाराचेही तसेच. तालुक्याहून बंद पुडीत आलेले नाव सभेत फोडायचे, की वर्षभर रानात उभ्या असलेल्या माणसांतून निवडायचे? जो उमेदवार ठरवतो त्याने अर्धी निवडणूक केलेलीच असते. १९३७ साली मुंबई प्रांताची निवडणूक झाली. यशवंतराव चव्हाण तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे पोर. साताऱ्यातून काँग्रेसने शेतकरी समाजातला उमेदवार द्यावा म्हणून त्यांनी खटपट केली. आत्माराम पाटलांना उमेदवारी मिळाली आणि ते निवडून आले. मतदानाच्या दिवशी कष्ट सगळेच करतात. नावे ठरत होती तेव्हा खटपट केली, म्हणून मत द्यायला आपला माणूस समोर होता.

तर उभ्या पिकात काय पाहायचे?

पहिले, त्याचे पोर त्याच शाळेत रोज बसते का. पटावर नाव इथे आणि पोर इंग्रजी शाळेत, असा माणूस नको. ज्याच्या पोराचे नुकसान होते, त्यालाच गळकी खोली दिसते.

दुसरे, तो गावात असतो का. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसे गलाईच्या धंद्याला देशभर पांगली आहेत. माण-जतची ऊसतोडीला जातात. धनगर बांधव मेंढरे घेऊन चार-सहा महिने फिरतीवर असतात. पोर मग आजीजवळ राहते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कायद्यात आईबापाबरोबर पालनकर्ताही आहे. जिच्या ताब्यात पोर आहे, जी त्याला वाढवते, ती आजी सभेला येऊ शकते आणि समितीवर बसू शकते. तिला "तुझा मुलगा येऊ दे" म्हणून परत पाठवू नका. आणि तोडीला जाणाऱ्या मायबापांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवता येते. ते शाळेच्या समितीमार्फतच चालते. टोळ्या दसऱ्या-दिवाळीला हलतात, म्हणून मागणी आधी गेली पाहिजे. ही आठवण आजीला राहील, चेअरमनच्या भावाला राहणार नाही.

तिसरे, शाळेशी त्याचे देणेघेणे नको. खोलीचे बांधकाम ज्याचे, धान्याची वाहतूक ज्याची, त्याला समितीवर घेणे म्हणजे शेळीच्या गोठ्याला लांडगा राखण ठेवणे.

चौथे, तो सहीआधी विचारतो का. शिकलेला असलाच पाहिजे असे नाही. नऊ जणांत हिशेब वाचणारे दोघे असले तरी पुरे. पण "हे काय आहे?" असे विचारायची ज्याला लाज वाटत नाही, असे सगळे पाहिजेत.

पाचवे, मास्तरांशी त्याला बोलता येते का. मास्तरांवर वचपा काढायला निघालेला माणूस नको. मास्तरही तुमच्याआमच्या घरातलेच आहेत. त्यांच्यामागे निवडणुकीची कामे, माहितीचे रकाने यांचा ससेमिरा आहे. कलम २७ म्हणते, जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणुका सोडून त्यांना शिक्षणाबाहेरची कामे देऊ नयेत. ते कलम मास्तरांनी दाखवले तर साहेब रागावतो. समितीने दाखवले तर साहेबाला उत्तर द्यावे लागते. चांगली समिती ही मास्तरांची पाठराखण असते.

सभेच्या आधीच्या पंधरा दिवसांत

करायचे काय, ते थोडक्यात. सभेची तारीख मास्तरांना विचारून घ्या, ती किमान आठ दिवस आधी प्रत्येक वस्तीवर कळू द्या. सभा अशा वेळी घ्यायला सांगा, की रानातून बाया परत आलेल्या असतील. त्याआधी प्रत्येक वस्तीवर, मागासवर्गीय वस्ती धरून, पालकांनी तासभर बसा. चावडीवर नको, कारण चावडीवर बाया बोलत नाहीत. जो उभा राहतो त्याला तीन प्रश्न विचारा. शाळेत शिक्षक किती आहेत आणि किती पाहिजेत? तुझ्या पोराच्या वर्गात मुले किती? गेल्या महिन्यात तू शाळेत किती वेळा गेलास? ज्याला तिन्हींची उत्तरे येतात त्याच्या कणसाला खूण बांधा.

दोन नावे झाली आणि मिटेना, तर चिठ्ठ्या टाका आणि सगळ्यांसमोर मोजा. त्यात कमीपणा नाही. निवड झाल्यावर बाईच्या जागी तिचा नवरा बैठकीला आला, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. बैठकीचा वृत्तान्त कोणालाही पाहता आला पाहिजे, तो मागा.

आता नाजूक विषय. काही कार्यकर्ते म्हणाले, आपलेच पॅनेल टाकू, बिल्ला लावून लढवू. मी विरोधात आहे. आपण पॅनेल टाकले की दुसरे टाकणार, तिसरे टाकणार. मग पोराच्या भाताचा वाद पक्षाचा होतो आणि अर्ध्या गावाची पोरे शाळेतून निघतात. आपला कार्यकर्ता पालक असेल, रोज गावात असेल, तर जरूर उभा राहावा. पण बिल्ला शाळेच्या दारात काढून ठेवावा. माझ्यासारखा मोर्चातला असेल, तर त्याने दुसऱ्या कोणाला तरी उभे करावे आणि सतरंजी अंथरावी.

अमेरिकेत शिकागो शहरात १९८८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला अशी परिषद दिली, तिच्यात पालक सगळ्यांत जास्त. तिला तर मुख्याध्यापक नेमायचाही अधिकार आहे. १९८९ च्या पहिल्या निवडणुकीला हजारो उमेदवार उभे राहिले. पुढच्या निवडणुकांना संख्या उतरत गेली. एवढा अधिकार असूनही उत्साह ओसरतो. आपल्या समितीला शिक्षक नेमता येत नाही, बदली करता येत नाही. ते जिल्हा परिषद आणि सरकारच्या हातात आहे. २०१७ साली निवडलेल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपली आणि पुढे काही वर्षे तिथे प्रशासकच होता. जाब विचारायला सदस्यच नाही. त्या काळातही गावच्या शाळेची समिती मात्र आपल्या हातात होती. आपण ती वापरली का, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. आणि जिल्हा परिषदेसाठी मत मागायला जो येईल त्याला समितीचा आराखडा हातात द्या. गटातल्या किती शाळांत शिक्षक कमी आहेत, ते त्याला तोंडी विचारा. पाठ नसेल तर म्हणावे, पाठ करून या.

१९९० च्या दशकापासून आपण आटपाडीच्या पाणी परिषदांना गेलो. नागनाथअण्णांनी वर्षामागून वर्षे माणसे गोळा केली, तेव्हा टेंभूचे पाणी दुष्काळी रानात दिसायला लागले. पाण्यासाठी आपण तीस वर्षे धीर धरला. शाळेच्या समितीला महिन्याला दोन तास लागतात.

भाव सरकारकडून भांडून घ्यायचा आहे, ते भांडण चालूच राहील. ही समिती मात्र कोणाकडे मागायची नाही, ती आपली आपण निवडायची आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीच्या शाळेचा पट, शिक्षकांची संख्या आणि समितीवरच्या पालकांची नावे कागदावर लिहून आणावीत. ज्याला नावे ठाऊक नसतील, त्याने आधी शाळेत जाऊन यावे. मग आपण भावाचे बोलू.